दूध सोडलेल्यांची पंगत

चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. खेड बाजार समितीच्या महात्मा फुले बाजारात कांदा-बटाट्याची आवक चालू असते आणि तिथेच गाई, म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्यांचे सौदे होतात. चहूबाजूंनी मोटारींचे कारखाने आहेत. बजाजचा कारखाना इथे १९९९ साली आला, मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन २००९ मध्ये, आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे कितीतरी छोटे-मोठे उद्योग. जनावरांचा बाजार या सगळ्यांच्या आधीचा. शेतकरी गाय घेतो ती कास, सड, वेत आणि दात बघून. पहिलारू, दुसऱ्या वेताची, गाभण अशी प्रत्येकीची किंमत वेगळी. भाकड गाईला गिऱ्हाईक शोधावं लागतं. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला बहुतेक वेळा विचारणाराच नसतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात माणूस वीगन का होतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या गोऱ्ह्यापासून करायला हवी. वीगन म्हणजे मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर दूध, दही, तूप आणि मधही सोडलेला, जमेल तिथे चामडं, रेशीम, लोकर टाळणारा माणूस. मांस का सोडलं हे मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. माळ घातली म्हटलं की विषय संपतो. दूध का सोडलं, याचं उत्तर मात्र आईला, बायकोला, सासूला, पाळीतल्या मित्राला, सगळ्यांना पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. ते उत्तर प्रत्येकाचं निराळं असतं. आणि इथेच आणखी एक गोष्ट सुरू होते, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही: दूध सोडलेली माणसंच एकमेकांची उत्तरं तपासू लागतात. कुणाचं कारण खरं, कुणाचं कच्चं, कोण आपल्यातला आणि कोण नाही.

गोऱ्ह्याचं गणित साधं आहे. गाय दूध देते ती व्याली म्हणून. दूध चालू राहायचं तर तिनं ठरावीक काळानं पुन्हा गाभण राहायला हवं. होणाऱ्या वासरांत साधारण निम्मे नर. पूर्वी खोंड वाढवून औताला जुंपत. त्याला शेतात काम होतं. ट्रॅक्टर आला, आणि त्याच सुमारास होल्स्टीन आणि जर्सीचा संकर आला. संकरित गोऱ्ह्याला देशी बैलासारखं वशिंड नसतं, जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही. म्हणजे तो औताच्या कामाचा नाही आणि दूध तर देणारच नाही. महाराष्ट्रात गोवधबंदी १९७६च्या कायद्यानं होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हैस आणि रेडा बंदीबाहेर राहिले. त्यामुळे म्हशीचं दूध पिणाऱ्या शहराचा कत्तलखान्याशी असलेला संबंध सरळ आहे, आणि गाईचं दूध पिणाऱ्या शहराचा संबंध आडवळणाचा आहे: सोडून दिलेला गोऱ्हा, रात्री टेम्पोत भरलेली भाकड गाय, आईच्या दुधाचा पहिला घोट मिळून नंतर उपाशी राहिलेलं वासरू.

खेड, मावळ, आंबेगावच्या गोठ्यांत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्यानं ते लहानपणापासून पाहिलेलं असतं, आणि म्हणूनच त्याला त्याचं काही वाटेनासं झालेलं असतं. शहरात वाढलेला इंजिनिअर मोबाइलवर एखादी फिल्म बघतो आणि त्याच रात्री दूध सोडतो. गोठ्यातला मुलगा कदाचित वीस वर्षांनी, स्वतःला मूल झाल्यावर, ती जुनी गोष्ट आठवून सोडतो. दोघेही वासरासाठीच सोडतात, पण त्यांची भाषा जुळत नाही. पहिल्याला शेतकरी क्रूर वाटतो. दुसऱ्याचा बापच शेतकरी असतो.

या पट्ट्यात जनावरावरचं प्रेम नाही असं कुणी म्हणू नये. भोसरी, चिखली, खेड, आंबेगाव इथे शर्यतीच्या घाटात बैल पळवण्याचं वेड पिढ्यानपिढ्यांचं आहे. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली ती भारतीय प्राणी कल्याण मंडळ आणि पेटा ही प्राणीहक्क संस्था यांच्या न्यायालयीन लढाईतून. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. शर्यतीच्या बैलाला खुराक, अंडी, दूध, मालिश, सगळं मिळतं; मालक घरच्या माणसापेक्षा त्याच्याकडे जास्त बघतो. वीगन विचाराला ही शर्यत मान्य होणार नाही, मलाही ती पटत नाही. तरीही बैलासाठी रात्र जागणाऱ्या माणसाला प्राण्यांचा शत्रू ठरवून बोलणं सुरू केलं की ते पहिल्याच वाक्यात संपतं. चिखलीतल्या घरात वाढलेला मुलगा वीगन झाला तर त्याच्या घरातलं भांडण ताटापेक्षा दावणीवरून होईल, आणि ते समजून घेणारे सोबती त्याला लागतील.

पुण्याला या विचाराची ओळख जुनी आहे, आणि ती ताटातून झालेली नाही. १९७४ साली डायना रत्नागर यांनी पुण्यात ब्यूटी विदाउट क्रुएल्टी या संस्थेचं भारतातलं काम सुरू केलं. इंग्लंडमधली मूळ संस्था म्युरिएल डाउडिंग यांनी १९५९ मध्ये काढली होती, फर आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी होणाऱ्या छळाविरुद्ध. पुण्यातल्या संस्थेनं लिपस्टिक, साबण, फर, चामडं, रेशीम, चांदीचा वर्ख यांचा माग काढला. वर्ख कातडी-आतड्यांच्या पानांत ठेवून कुटला जात असे हे मिठाई खाणाऱ्या शाकाहारी घरांपर्यंत पोचवण्यात तिचा मोठा वाटा आहे. पाकिटबंद पदार्थांवर मांसाहाराचं तपकिरी आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह असावं यासाठीही तिनं पाठपुरावा केला. या वाटेनं आलेल्या माणसाला आधी पैठणी खुपते, मग पनीर. एका रेशमी साडीत हजारो कोश उकळलेले असतात हे कळल्यावर लग्नात पैठणी नेसायची नाही असं ठरवणारी मुलगी अजून घरचं ताक पीत असू शकते. तिला कुणी अर्धवट म्हणावं का? माझं म्हणणं, म्हणू नये. ती ज्या टोकानं आत आली ते टोक आपल्याला अनोळखी आहे, एवढंच.

हिरव्या ठिपक्याची एक अडचण आहे. कायद्यानं दूध, दुधाचे पदार्थ आणि मध शाकाहारात मोडतात. त्यामुळे हिरवा ठिपका वीगन माणसाला फार मदत करत नाही. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचावी लागतात. २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि इंग्रजी व्ही अक्षरावर पान असलेलं हिरवं चिन्ह आणलं. तेव्हापासून सरकारदरबारी तरी ही माणसं मोजण्याजोगी झाली.

सगळ्यांत गर्दीची वाट मात्र दवाखान्यातून येते. साखर वाढली, रक्तदाब वाढला, गुडघे दुखू लागले, दूध पचेना. डॉ. नंदिता शहा यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या शरण या संस्थेनं वनस्पतीजन्य आहारातून मधुमेह आटोक्यात आणण्याच्या कार्यशाळा देशभर घेतल्या. त्यांना २०१६चा नारीशक्ती पुरस्कारही मिळाला. रात्रपाळ्या करून तिशी-पस्तिशीतच साखर वाढलेल्या कामगाराला आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या हिंजवडीच्या नोकरदाराला हा मार्ग जवळचा वाटणं स्वाभाविक आहे. वासराचं दुःख त्यांना नंतर कधी तरी कळतं, किंवा कळतही नाही.

तब्येतीसाठी आलेल्यांना वीगन गटांत दुय्यम जागा मिळते. ते फक्त वनस्पतीजन्य आहार घेतात, वीगन नाहीत, असं त्यांना सांगितलं जातं. यात तथ्य नाही असं नाही. आहाराची फॅशन बदलते. महाराष्ट्रानं गेल्या काही वर्षांत डॉ. दीक्षितांचा दोन वेळा जेवणाचा मंत्र ऐकला आणि ऋजुता दिवेकरांचा तूप खाण्याचा आग्रहही ऐकला. जो आकड्यासाठी दूध सोडतो तो दुसऱ्या आकड्यासाठी ते परत धरू शकतो. अमेरिकेत फॉनालिटिक्स या संस्थेनं २०१४ मध्ये ११ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तेव्हा शाकाहारी किंवा वीगन झालेल्यांपैकी ८४ टक्के माघारी गेलेले आढळले. माघारी गेलेल्यांनी हा आहार धरण्याची जी कारणं सांगितली, त्यांत निम्म्याहून जास्त जणांनी दिलेलं कारण एकच होतं: आरोग्य. पण त्याच पाहणीत हेही दिसलं की माघारी गेलेल्या बहुतेकांना कुठल्याही गटाचा आधार नव्हता, आणि चारचौघांत वेगळं पडणं पुष्कळांना नकोसं झालं होतं. म्हणजे ज्यांना आपण कच्चे म्हणून दाराशी उभं करतो ते नेमके आधाराअभावी गळतात, आणि मग आपण म्हणतो, बघा, कच्चेच होते.

आरोग्याच्या वाटेवर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती लपवली की माणसं आजारी पडतात. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतीतून मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणच्या पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्के. यातले बहुसंख्य दूध पिणारे. तेव्हा दूध पितो म्हणून आपल्याला चिंता नाही हे खरं नाही, आणि वीगन होऊनही गोळी नको असं म्हणणं तर धोक्याचं आहे. ही गोळी जिवाणूंच्या किण्वनातून बनते. पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी आहे; किण्वनातून औषध कसं तयार होतं हे या गावाला शिकवायला नको. कुणी गोळी घेते म्हणून तिचा आहार खोटा ठरवणारे लोक वीगन गटांबाहेरही आहेत आणि आतही. आतले जास्त नुकसान करतात.

*

आता इंद्रायणीच्या काठी यायला हवं, कारण पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या मधून ही नदी वाहते आणि तिच्या काठावर देहू आणि आळंदी आहेत. इथल्या माणसाला आहाराचं व्रत म्हणजे काय हे वारकऱ्यांकडून कळलेलं आहे. तुळशीची माळ घातली की मांस आणि दारू सुटते. आणि त्याच गावात, कित्येकदा त्याच घरात, भैरवनाथाच्या जत्रेला मटण शिजतं. आजोबा माळकरी, मुलगा खाणारा, सून चातुर्मास पाळणारी, नातू अंडी खाऊन व्यायाम करणारा. आजोबांचं भांडं वेगळं, ताट वेगळं, नातं तेच. पुणे जिल्ह्यात बोल्हाई देवीचे भक्त शेळी-बोकडाचं मटण खात नाहीत, मेंढीचंच खातात, आणि तसं मटण मिळतं अशा पाट्या हॉटेलांवर असतात. चिंचवड-निगडीच्या जैन घरांत कंदमूळ वर्ज्य, कुणाचं सूर्यास्तानंतर खाणं वर्ज्य. एकाच चाळीत, एकाच कंपनीच्या बसमध्ये हे सगळे नियम शेजारी शेजारी नांदत आले आहेत. इथे वीगन माणूस म्हणजे आणखी एका नियमाचा माणूस. त्याचं वागणं त्या अर्थानं परकं नाही.

फरक पडतो तो देवघरात. पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर. पाचांतली चार द्रव्यं प्राण्यांकडून आलेली. सत्यनारायणाच्या शिऱ्यात तूप आणि दूध. गोपाळकाल्यात दही. मोरया गोसावींच्या चिंचवडात उकडीच्या मोदकावर तूप न घेणं म्हणजे नुसता पदार्थ नाकारणं नसतं. माळकऱ्याच्या अहिंसेनं मांस बाजूला केलं पण गाईला घरात आणून बसवलं. वीगन माणूस त्याच अहिंसेच्या नावानं गाईचं दूध नाकारतो. दोघांनाही आपणच गाईच्या बाजूचे आहोत असं वाटतं. माळकरी वडील आणि वीगन मुलगी यांच्यातलं हे अंतर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत आशेचं वाटतं. कारण वडिलांना वाईट म्हणायची तिला गरज नसते. त्यांनीच तिला मुंगीवर पाय देऊ नको म्हणून सांगितलेलं असतं.

नदीवरून थोडं पश्चिमेला गेलं की देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. अहिंसेची आणखी एक वाट इथून निघते आणि ती वारकऱ्यांच्या वाटेसारखी नाही. बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात, जो त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ मध्ये आला, बुद्धाची अहिंसा नियम म्हणून न मांडता तत्त्व म्हणून मांडली. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. बौद्ध घरातून आलेला मुलगा किंवा मुलगी त्या भेदावर विचार करून मांस आणि दूध दोन्ही सोडू शकते. पण तिच्याशी बोलताना सवर्ण वीगन माणसानं एक गोष्ट विसरू नये. या राज्यात ताटावरून माणसाची जात काढली गेली आहे, खोली नाकारली गेली आहे, पंगतीतून उठवलं गेलं आहे. शाहू पाटोळे यांचं २०१५ सालचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद करतं. ज्यांच्या वाट्याला जे आलं त्यातून त्यांनी अन्न कसं उभं केलं, हे ते वाचल्यावर कळतं. शाकाहार हा शब्द त्या घरांनी शेजाऱ्याच्या तोंडून ऐकला तो बहुधा अपमानासाठी वापरलेला.

२०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या प्रारूप विकास आराखड्यात मोशीला, आळंदीच्या जवळ, कत्तलखान्याचं आरक्षण दिसलं. वारकऱ्यांनी विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांनी ते आरक्षण काढण्याची घोषणा केली. काही वीगन मंडळींना तो आपला विजय वाटला असेल. माझं मत वेगळं आहे. तीर्थक्षेत्राचं पावित्र्य जपण्यासाठी कत्तलखाना दूर गेला, एवढंच त्या निर्णयात होतं. जनावर वाचवण्याचा विचार त्यात नव्हता, आणि त्याच आळंदीत दुधाचे टँकर येत राहिले. प्राण्यांसाठी बोलणाऱ्यानं पावित्र्याच्या भाषेपासून लांब राहिलेलं बरं. ती भाषा फिरून माणसांवरच येते. वीगन गटांतली आपापसातली तपासणी मला खुपते ती याच कारणानं: ताटात काय आहे, भांडं कुणाचं होतं, कढईत आधी काय तळलं होतं, चॉकलेटच्या मागे काय लिहिलं होतं. सोवळं-ओवळं आपण एवढ्या कष्टानं ढिलं केलं, ते नव्या नावानं परत बांधायला नको.

*

शिवाय मोटारींच्या पट्ट्यात पावित्र्य जमणारच नाही. चाकणच्या कारखान्यात दाराशीच सुरक्षेचे बूट घालावे लागतात आणि ते पुष्कळदा चामड्याचे असतात; कंपनी देते ते घालायचे, नाही तर आत सोडत नाहीत. टायरच्या रबरात घालतात ते स्टिअरिक आम्ल वनस्पतीचं असू शकतं, जनावराच्या चरबीचंही. औषधाच्या कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, डी-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासूनचं. महागड्या गाडीचं आसन कातड्याचं असतं, तसंच बनावट चामड्याचंही; मर्सिडीजचं आर्टिको त्यातलंच. कीर्तनातला पखवाज आणि मिरवणुकीतला ढोल यांच्यावर परंपरेनं कातडंच ताणलेलं. इंग्लंडमधल्या वीगन सोसायटीनं १९७९ मध्ये केलेल्या व्याख्येत शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं, ही अट मुद्दाम आहे. चामड्याचे बूट घालून आठ तास उभं राहणारा कामगार त्या व्याख्येत पुरा बसतो. त्याला नावं ठेवणाऱ्याला ती व्याख्या माहीत नसावी.

त्या कामगाराची खरी परीक्षा बुटात नसून चहात आहे. जुन्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तर कॅन्टीनची तरतूद होती, आणि पिंपरीच्या मोठ्या कंपन्यांत कॅन्टीन ही युनियननं भांडून सुधारलेली जागा आहे. जेवणाचं फारसं अडत नाही. भात, आमटी, उसळ, कोरडी भाजी, कोशिंबीर दह्याची नसली तर, चपातीला तूप लावलं नसलं तर. आपल्या मातीतलं कितीतरी जेवण मुळातच वीगन आहे: भाकरी आणि ठेचा, पिठलं, वांग्याचं भरीत, मटकीची उसळ, शेंगदाण्याची आमटी, जवस-कारळ्याची चटणी. पण चहा एकाच पातेल्यात दूध-साखरेसह उकळतो, किंवा यंत्रातून दुधाची पूड मिसळलेला येतो. दहा मिनिटांची सुट्टी, हातात पेला, चार जण. त्या चौघांत एकानं पाणी प्यायलं की तो आजारी आहे का, उपास आहे का, अशी विचारपूस होते. कोरा चहा मिळाला तर प्रश्न मिटतो. चाकणच्या खोल्यांत चार-सहा जण मिळून राहणाऱ्या कंत्राटी पोरांची गोष्ट याहून अवघड. खानावळीचा डबा ठरलेला, रविवारी अंडाकरी किंवा चिकन, आणि तेवढीच काय ती आठवड्याची चैन. त्यातल्या एखाद्यानं जनावरांचा विचार करून अंडं बाजूला ठेवलं आणि चहा मात्र दुधाचा घेतला, तर मी त्याला आमच्यातलाच मानेन.

घरी पातेलं कोण चढवतं, हाही प्रश्न विचारला पाहिजे. माळकऱ्याच्या वेगळ्या भांड्याचं कौतुक मी वर केलं, पण ते भांडं घासलं कुणी आणि दुसरी भाजी फोडणीला टाकली कुणी? बहुतेक घरांत बाईनं. नवरा एका रात्रीत वीगन होतो आणि बायकोच्या कामात दोन पदार्थ वाढतात. शेंगदाणे भिजत घालणं, वाटणं, गाळणं, त्याचं दही विरजणं. पुरुषांच्या बैठकीत हेतूंची चर्चा रंगते: प्राण्यांसाठी, पर्यावरणासाठी की शरीरासाठी. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईचा हेतू कुणी विचारत नाही. ती दूध न पिता राहते कारण घरात आणलंच जात नाही. तिला वीगन म्हणायचं की नाही? मला वाटतं हेतूंच्या कुठल्याही वर्गवारीत ती बसत नाही, आणि तिच्या कष्टांवर मात्र त्या घराचं वीगनपण टिकून आहे. नवऱ्यानं वाटण स्वतः वाटायला घेतलं तर तो दुधाबद्दल जे बोलतो त्याला घरात वजन येईल.

हेतूंचा वाद नवा नाही. २० नोव्हेंबर १९३१ रोजी गांधीजी लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीपुढे बोलले. शेजारी हेन्री सॉल्ट बसले होते. विद्यार्थिदशेत सॉल्ट यांचीच पुस्तिका वाचून गांधी मनापासून शाकाहारी झाले होते. नुसत्या तब्येतीसाठी शाकाहारी झालेले लोक टिकत नाहीत, नैतिक पाया लागतो, असं त्यांनी तिथे सांगितलं. आणि त्याच दमात शाकाहाऱ्यांना विनय आणि सहनशीलता धरायला सांगितलं, खाण्यापिण्याखेरीज इतरही विषयांवर बोलायला सांगितलं. गायी-म्हशींचे हाल कळल्यावर त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. १९१८च्या आजारपणानंतर, जानेवारी १९१९ मध्ये, ते शेळीच्या दुधावर आले, कारण व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती. ही पळवाट आहे हे ते स्वतः जाणत होते आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. लंडनच्या त्या सभेत बोलणारा माणूस शेळीचं दूध पिणारा होता आणि सभा त्याचं ऐकत होती. तेरा वर्षांनी, १९४४ मध्ये, डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सोबत्यांनी इंग्लंडमधल्या शाकाहारी संस्थेच्या मासिकात दूध न घेणाऱ्यांसाठी जागा मागितली. ती मिळाली नाही आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी वेगळी संस्था काढली, तीच ही वीगन सोसायटी. जागा नाकारल्यामुळे जन्मलेली ही चळवळ आहे. तिच्यात जागा देण्याचा प्रश्न इतका नाजूक असण्याचं हेही एक कारण असेल.

गांधींचा पुणे जिल्ह्यातला आणखी एक धागा या पट्ट्यासाठी महत्त्वाचा आहे. १९४६ मध्ये त्यांनी उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि तिथे मणिभाई देसाईंना ठेवलं. आहारातून बरं होण्याचा विचार त्या आश्रमानं महाराष्ट्रात रुजवला. त्याच मणिभाईंनी १९६७ मध्ये बाएफ या संस्थेची स्थापना केली आणि गोठवलेल्या वीर्याच्या रेतनातून संकरित गाय गावोगाव नेली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती रोजचा पैसा आला तो त्या गाईनं. मंचरला १९९२ मध्ये पराग मिल्क फूड्स उभी राहिली, आसपासच्या तालुक्यांतून दूध गोळा होऊ लागलं. आणि ज्याला गिऱ्हाईक नाही असा वशिंड नसलेला गोऱ्हाही त्याच गाईबरोबर आला. चांगल्या हेतूनं केलेल्या कामाची ही दोन्ही फळं आहेत, एक दाखवून दुसरं झाकता येत नाही.

दूध उत्पादकाचं पुढे काय, हा प्रश्न २०२१ मध्ये अमूल आणि पेटा यांच्या वादात फार मोठ्यानं विचारला गेला. पेटानं अमूलला वनस्पतीजन्य दुधाकडे वळायला सुचवलं. अमूलचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक आर. एस. सोढी यांनी दहा कोटी दूध उत्पादकांच्या रोजीरोटीचं काय, असं विचारलं. दोघांनी आपापल्या लोकांना खूश केलं आणि प्रश्न तिथेच राहिला. महाराष्ट्रात दूध उत्पादक २०१८ मध्ये रस्त्यावर उतरला, २०२४ मध्येही उतरला. भाव पडले तेव्हा सरकारला लिटरमागे ५ रुपये आणि पुढे ७ रुपये अनुदान द्यावं लागलं. हा शेतकरी दुधावर श्रीमंत झालेला नाही. त्याला गाय सोड म्हणणं सोपं आहे. चाऱ्याच्या जमिनीत काय लावायचं आणि दर दहा दिवसांनी मिळणारा पैसा कुठून आणायचा, हे त्याच्याबरोबर बसून सोडवावं लागेल.

आणि दुसऱ्या शेतकऱ्याची पोरं चाकणलाच राहतात. लातूर, नांदेड, बीड, परभणीकडून आलेली पोरं इथल्या कारखान्यांत कंत्राटावर काम करतात, आणि त्यांच्या घरी सोयाबीन पिकतं. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून खाली विकावं लागलं. त्याच सोयाबीनचं दूध पिंपरीच्या मॉलमध्ये गाईच्या दुधाच्या कित्येक पट भावानं मिळतं. बाप माल पडत्या भावानं विकतो आणि मुलाला त्याच्या दुधाचा डबा परवडत नाही. सोयाबीन भिजवणं, दळणं, उकळणं, गाळणं, पाऊचमध्ये भरणं यात भोसरीच्या वर्कशॉपला न जमण्यासारखं काही नाही. अडचणी दोन आहेत: कच्च्या वासाची आणि चहात फाटण्याची. दोन्हींवर इलाज आहेत, आणि मोठ्या कंपन्यांनी ते केलेही आहेत. कॅन्टीनच्या ठेकेदाराला गाईच्या दुधाच्या भावात, उकळत्या चहात न फाटणारं सोयाबीनचं दूध कुणी दिलं, तर वासरासाठी आलेला, साखरेसाठी आलेला, माळकऱ्याची मुलगी आणि देहूरोडचा तरुण, सगळ्यांना तो चहा एकाच पातेल्यातून मिळेल. मंचरच्या गोठ्यात त्यामुळे काय बदलेल, हे मात्र त्या गोठ्यात जाऊनच विचारायला हवं.